नाइस म्हंजे काय, गुर्जी?

इंग्रजी वाचायला मी शिकलो तो शाळेत नव्हे, बिस्किटावर. आमच्या घरी पाहुणे आले, आणि त्यातही ते मुलगी पाहायला आलेले असले, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा यायचा. त्यातल्या चौकोनी बिस्किटावर साखरेचे दाणे चिकटलेले असत आणि मधोमध चार इंग्रजी अक्षरं उमटवलेली असत. पाहुण्यांनी संकोचानं उरवलेली बिस्किटं नंतर आम्ही भावंडं वाटून घेत असू. एकच उरलं असेल तर ते अक्षरांप्रमाणे मोडायचं. थोरले दादा पहिली दोन अक्षरं घेत, ताई तिसरं घेई आणि माझ्या वाट्याला शेवटचा ई यायचा. ई हे अक्षर त्या शब्दात लिहायचं असतं पण उच्चारायचं नसतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. घरातलं माझं स्थान मात्र त्याच वेळी कळलं होतं.

पुढे पाचवीत गेलो आणि तोच शब्द फळ्यावर भेटला. ही १९६५ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. (आमचा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. झाला म्हणजे पुन्हा झाला. कारण इंग्रजांच्या अमदानीत बाशीम नावाचा जिल्हा होताच; तो १९०५ साली मोडून अकोल्यात मिळवला होता. स्पेलिंग एकीकडे आणि उच्चार भलतीकडे, हा प्रकार आम्ही घरच्या घरीच भोगलेला आहे.) इंग्रजी शिकवायला जे गुरुजी होते ते धोतर नेसत, टोपी घालत आणि इंग्रजी शब्द पाढ्यासारखे म्हणून घेत. एन-आय-सी-ई नाइस, नाइस म्हणजे छान. चाळीस पोरं एका सुरात ओरडायची. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, आत आरती चालली आहे.

चौथ्या-पाचव्या आवर्तनानंतर मागच्या बाकावरून एक हात वर झाला. हा मुलगा खेड्यातून रोज पायी यायचा. त्याच्या शंका नेहमी शेतातून आलेल्या असत.

"गुर्जी, छान म्हंजे बेस, का झ्याक?"

गुरुजी क्षणभर थांबले. "दोन्ही."

"मंग नामी?"

"तेही नाइसच."

"मंग इंग्रजायले येवढ्या कमी शब्दात पुरते कसं?"

गुरुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "त्यायचा देश लहान हाये, बाबू. बस खाली."

सारा वर्ग हसला, मीही हसलो. आज माझं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि ज्यांना आपण थोर समीक्षक म्हणतो त्यांचे बरेच ग्रंथ मी अर्ध्यापर्यंत वाचलेले आहेत. पण त्या पोराइतका मुद्द्याचा प्रश्न त्यातल्या फार थोड्यांनी विचारलेला मला दिसला. कारण बेस, झ्याक आणि नामी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि वऱ्हाडातला माणूस त्यांची गल्लत करीत नाही. पाव्हण्यानं 'जेवण कसं झालं' या प्रश्नाला 'बेस' म्हटलं म्हणजे पोट भरलं आणि मन शांत झालं. झ्याक म्हणजे डोळ्यांत भरणारं. नवं लुगडं झ्याक, पोळ्याला सजवलेला बैल झ्याक. नामी ही बहुतेक युक्ती असते, आणि तिच्यात थोडी लबाडी असल्याशिवाय ती नामी होत नाही. या तिघांच्या खाली 'बरं' आहे. 'बरं' म्हणजे तक्रार नाही. म्हणजे आहे, पण तुम्हाला सांगणार नाही.

आता बैलाचंच घ्या. बैलबाजारात उभं राहून 'छान बैल आहे' असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला आणि तो मी होतो. वडिलांबरोबर गेलो होतो. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून पुढे तोंड उघडलं नाही. तिथली माणसं आधी बैलाचं तोंड उघडून पाहतात. दुदाती आहे, चौदाती आहे, सहादाती आहे की जुळला आहे. मग वशिंड, मग खूर, मग चार पावलं चालवून, मग शेपटीला हात लावून. कान कसे टाकतो, अनोळखी माणूस जवळ आला की मान कशी फिरवतो. हे सगळं झाल्यावर रुमालाखाली हात जातात आणि बोटांनी भाव ठरतो, एक शब्दही न बोलता. साहित्याची समीक्षा अशी झाली असती तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. निदान कवींचे दात तरी कुणी मोजले असते.

तर अर्थ पाठ झाला: नाइस म्हणजे छान. पण पाठ झालेला अर्थ आणि वापरता येणारा अर्थ यांत काय अंतर असतं हे आम्हाला एका डिप्टीसाहेबांनी शिकवलं. शाळा तपासायला ते अकोल्याहून आले होते. दिवस आषाढातले. मृग कोरडा गेला होता, आर्द्राही तशाच चालल्या होत्या, आभाळ धुतल्यासारखं निळंशार आणि ऊन लखलखीत. डिप्टीसाहेब वर्गात आले, खिडकीबाहेर पाहिलं, रुमालानं मान पुसली आणि आमची इंग्रजीची परीक्षा घ्यावी म्हणून इंग्रजीतच विचारलं, काय मुलांनो, आजचा दिवस नाइस आहे ना? ते बहुधा पाठ्यपुस्तकातलंच वाक्य असावं. सगळ्या वर्गाला उत्तरही माहीत होतं. गुरुजींनी आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं, की साहेब काहीही विचारोत, 'येस सर' म्हणायचं.

एकोणचाळीस पोरं 'येस सर' म्हणाली. तो मागच्या बाकावरचा उभा राहिला आणि म्हणाला, "नो सर. नो रेन."

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. डिप्टीसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं. "काय रे, आभाळ एवढं स्वच्छ आहे, ऊन पडलं आहे, मग दिवस नाइस नाही?" हे त्यांनी मराठीतून विचारलं, कारण रागावताना सर्वांचीच मातृभाषा जागी होते. पोरगा म्हणाला, "साहेब, बी घरात पडून हाये. बाप रोज आभायाकडे पाहून राहिला. आज ढग असते तं म्हटलं असतं नाइस."

डिप्टीसाहेब काही बोलले नाहीत. शेऱ्याच्या वहीत त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण जाताना त्या पोराच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, हे मी पाहिलं. ज्या देशात हे वाक्य जन्माला आलं त्या देशात बाराही महिने पाऊस भुरभुरत असतो. तिथं ऊन पडलं की लोक एकमेकांना थांबवून अभिनंदन करतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. तिथलं 'नाइस' इकडे आणायचं तर त्याच्या डोक्यावर निदान दोन ढग तरी देऊन पाठवायला हवं होतं. पाठमाला लिहिणाऱ्यांनी शब्दाला प्रतिशब्द दिला, हवामान दिलं नाही. माझी त्यांच्यावर एवढीच टीका आहे. पण ती गेली साठ वर्षं आहे.

पुढे मी नोकरीला लागलो. तिथे या शब्दाचा तिसरा उपयोग शिकलो. आमच्या एका साहेबांना मसुदा दाखवला की ते आधी 'नाइस' म्हणत आणि मग तांबडं पेन उघडत. नाइस म्हणून झाल्यावर मसुद्यातलं फक्त 'महोदय' शिल्लक राही. तेव्हा कळलं, की सरकारी इंग्रजीत नाइस हा शब्द म्हणजे मागून येणाऱ्या 'पण'ची वर्दी देणारा शिपाई आहे. शिपाई दिसला की साहेब येणार हे ओळखून उभं राहावं.

निवृत्त झाल्यावर माणूस एक तर देवधर्माला लागतो किंवा शब्दकोशाला. मी दुसरा मार्ग पत्करला. कारण देवळात चपला जातात. वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. तो इतका जड आहे की त्याला कुणी घरी नेत नाही, म्हणून तो शाबूत राहिला. एके दुपारी मी त्यात आमचा बिस्किटावरचा शब्द काढला आणि खुर्चीवरून पडायचा राहिलो.

नाइस या शब्दाचं मूळ लॅटिन आहे, आणि त्याचा अर्थ आहे अडाणी. ज्याला काही ठाऊक नाही तो 'नेस्कियुस'. तिथून तो फ्रान्समध्ये आला आणि बावळट झाला. फ्रान्समधून इंग्लंडात शिरला तेव्हाही बावळटच होता. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी एखाद्या इंग्रजाला 'नाइस मॅन' म्हटलं असतं तर त्यानं कानाखाली वाजवली असती. पुढे त्याला निरनिराळ्या शतकांत निरनिराळ्या सवयी लागल्या. कधी तो छचोर होता, कधी लाजाळू, कधी खाण्यापिण्यात चिकित्सक, नाकं मुरडणारा. या नाकं मुरडण्यातूनच त्याला काटेकोरपणाचा अर्थ आला. बारीक भेद ओळखणं याला इंग्रजीत अजूनही नाइस भेद म्हणतात. आणि अठराव्या शतकात कधीतरी, पुष्कळ हिंडून दमल्यावर, तो 'छान' होऊन बसला तो बसलाच.

मला आमच्या एका चुलत्यांची आठवण झाली. तरुणपणी ते वाया गेलेले म्हणून प्रसिद्ध होते, मध्यंतरी फार तर्कट झाले, आणि म्हातारपणी सगळे त्यांना 'देवमाणूस' म्हणू लागले. माणूस तोच, गावाची स्मरणशक्ती बदलली.

जेन ऑस्टेन या बाईंना या शब्दाचा त्यांच्या काळीच उबग आला होता. त्यांच्या 'नॉर्थॅंगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी नावाचा तरुण नायिकेची याच शब्दावरून थट्टा करतो. तिनं एका पुस्तकाला नाइस म्हटलेलं असतं. हवा असो, माणसं असोत, फिरणं असो, तुम्ही सगळ्यांना हाच एक शब्द लावता, अशी त्याची तक्रार. मूळचा हा शब्द नेटकेपणासाठी आणि नाजूक पारखीसाठी होता, असं तो तिला ऐकवतो. ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, बाई जाऊन पाच महिने झाल्यावर. म्हणजे आमच्या पाचवीच्या वर्गातली शंका इंग्लंडात दीडशे वर्षं आधी निघून गेली होती. फरक एवढाच, की टिल्नी सुखवस्तू घरचा होता आणि आमच्या शंकाखोराच्या घरी बी पडून होतं. शिवाय टिल्नीलाही सगळं कुठं ठाऊक होतं? मूळचा म्हणून तो जो अर्थ सांगतो तो वाटेतला मुक्काम. मुळात शिरलं असतं तर तिथं अडाणीच बसलेला होता. भाषेच्या बाबतीत दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्यांचं बहुतेक असंच होतं, आणि प्रस्तुत लेखकही हे वाक्य जरा दबकतच लिहीत आहे.

इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही म्हणा. आपल्याकडे काय कमी आहे? राग म्हणजे संस्कृतात प्रेम, आसक्ती. मराठीत तो नाकावर असतो. हा बदल कोणत्या पिढीत झाला ते मला सांगता येणार नाही, पण तो करणारी मंडळी विवाहित होती याबद्दल मला शंका नाही. शिक्षा म्हणजे संस्कृतात शिकवणं, हिंदीत शिक्षण आणि मराठीत छडी. आमच्या गुरुजींनी तिन्ही भाषांचा समन्वय केला होता. वर म्हणजे श्रेष्ठ, निवडक. त्याचाच 'बरा' झाला, आणि आता कुणी 'मुलगा बरा आहे' म्हटलं की मुलीचा बाप दुसरं स्थळ पाहू लागतो. 'शहाणा' या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. त्यात नुसती अर्ध्याची भर घातली की शिवी होते. शहाणपणाला एवढं कमी माप सोसणारी भाषा जगात दुसरी नसेल.

आणि छान! छान हा शब्द उलटा घालून वापरण्यात आमच्या घरातल्यांचा हातखंडा आहे. लोणच्याची बरणी माझ्या हातून निसटली, की स्वयंपाकघरातून एकच शब्द येतो, "छान!" त्यात बरणीचा इतिहास, माझा स्वभाव, माझ्या आईनं केलेले लाड आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोणच्याविना राहण्याची शिक्षा, सारं येतं. इंग्रजही नाइस हा शब्द असा उपरोधानं वापरतात, असं कोशात दिलेलं आहे. ते मी घरी वाचून दाखवलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "ते कोशात पाहावं लागलं होय?"

आता एक गंभीर गोष्ट सांगतो. गंभीर म्हणजे विनोदी लेखाला झेपेल इतपत.

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथेच १९३९ साली उजेडात आला. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर नावाचा पंडित होऊन गेला. त्यानं आपल्या 'काव्यमीमांसे'त एक कथा रचली आहे: सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघाला, साहित्यविद्या नावाची वधू त्याच्या मागे मागे देशोदेशी हिंडली, आणि शेवटी दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. म्हणजे काव्य आणि समीक्षा यांचं लग्न आमच्या गावी लागलेलं आहे. मांडव नेमका कुठल्या गल्लीत पडला होता यावर आमच्याकडे आज वाद होऊ शकेल, पण लग्न इथंच लागलं. वैदर्भी रीतीला प्राकृतात 'वच्छोमी' हे नाव आहे, तेही याच गावावरून. आणि या वैदर्भीचे गुण दंडीनं मोजून दहा सांगितले आहेत: श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य, सुकुमारता, अर्थव्यक्ती, उदारत्व, ओज, कांती, समाधी. एखादी कविता आवडली तर ती या दहांतल्या कशामुळे आवडली हे सांगावं लागे. चालीरीतच तशी होती.

या शाखेचा मूळ पुरुष राजा सर्वसेन. त्यानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. ते आज नाही. हरवलं. कुठं वाळवीनं खाल्लं, कुठं पाण्यात गेलं, देव जाणे. तरी सर्वसेन कवी होता हे आपल्याला ठाऊक आहे, ते कशामुळे? आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त त्याचा दाखला दिला, की मूळ कथेत रसासाठी फेरफार कसा करावा ते याच्यात पाहा. कुंतकानं त्याला सुकुमार मार्गातला कवी म्हणून कालिदासाच्या पंगतीला बसवलं. भोजानं त्याच्या ओळी उतरवून घेतल्या. त्या ओळी आणि ते शेरे एवढंच उरलं आहे. काव्य गेलं, राज्य गेलं, राजधानीचा तालुका झाला. टिकलं ते काय, तर दुसऱ्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलेलं त्याचं चांगलेपण. आनंदवर्धन त्या दिवशी जरा घाईत असता आणि पोथी मिटून नुसतं 'नाइस' म्हणाला असता, तर आमच्या राजाच्या हाती काय लागलं असतं?

ज्या गावात हे घडलं त्या गावातल्या वाचनालयात अभिप्रायाची वही आहे. मी ती एका बैठकीत वाचून काढली. मागच्या वीस वर्षांत वही भरून जो काही अभिप्राय आहे तो बहुतेक एकाच शब्दाचा आहे. नाइस. व्हेरी नाइस. एकानं तर नाइसखाली दोन रेघा ओढून वर स्वतःचा हुद्दा लिहिला आहे. फक्त एका पानावर कुणा वाटसरूनं पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं: माठातलं पाणी गार आहे, वर्तमानपत्रं वेळेवर येतात, पण पंखा फिरताना करकरतो त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही. मी चौकशी केली. त्या शेऱ्यानंतर आठवड्याभरात पंख्याला तेल घातलं गेलं होतं. व्हेरी नाइसनं तिथं एक खिळासुद्धा ठोकलेला नाही.

हे सगळं मला कळलं, पटलं, आणि तरीही पुढचा प्रमाद माझ्याच हातून घडला.

आमचे एक शेजारी एस.टी.त कंडक्टर होते. गाडीत तिकिटं फाडता फाडता त्यांना कविता करण्याची सवय लागली. गल्लीत सगळे त्यांना कविराज म्हणतात, तेही उपरोधानं, म्हणजे कोशातल्या शेवटच्या अर्थानं. आमची अकोला-पूर्णा लाइन मीटरगेज होती. ती रुंद होऊन २००८ साली नव्या गाड्या धावू लागल्या. त्या जुन्या छोट्या गाडीवर त्यांनी एक कविता लिहिली होती. लिहिली होती पूर्वीच, पण दाखवली नव्हती. मध्यंतरी त्यांची पत्नी गेली. महिन्या-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी मॅच पाहत होतो. शेवटची ओव्हर होती. अशा वेळी बायको माहेरून आली तरी माणूस मान वळवत नाही. त्यांनी उभ्या उभ्याच कविता वाचली. मी डोळे पडद्यावर ठेवून म्हटलं, "नाइस! नाइस आहे हं."

ते म्हणाले, "बरं." कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गेले.

त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी वर लिहून ठेवला आहे, पण तेव्हा कळला नाही. कविराज त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे कविता घेऊन आले नाहीत. भेटत, बोलत, बाजारात सांबाराच्या जुडीचा भाव सांगत (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये), पण कविता नाही. मी एकदा विचारलं, "काय, सध्या काही लिहिणं?" म्हणाले, "कशाले? नाइसच असते."

तो घाव बसायला दोन वर्षं लागली, पण बसला नेमका.

शेवटी वाचनालयातली ती वही वाचली त्याच संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ती गाडीची कविता पुन्हा ऐकायची आहे. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, कागद सापडत नाही म्हणाले, आणि मग तो उशाखालून काढला. वाचली. या वेळी मी ऐकली. सहा कडवी होती. पहिल्यात इंजिनाची शिट्टी, दुसऱ्यात धूर, तिसऱ्यात पुन्हा धूर. चौथ्या कडव्यात स्टेशनवर एक बाई डबा घेऊन उभी आहे, आणि गाडी सुटल्यावर डबा तिच्या हातातच राहिला आहे. तेवढंच. कोण ती, कुणाचा डबा, काही सांगितलेलं नाही. पाचव्या-सहाव्यात मात्र प्रगती, विकास आणि राष्ट्राची चाकं होती.

मी म्हटलं, "चौथं कडवं फार उत्तम आहे. त्या बाईचं नाव तुम्ही सांगितलं नाही म्हणून ते उत्तम आहे. धूर एकदाच पुरे. आणि शेवटची दोन कडवी काढून टाका."

कविराज ताडकन उठले. "काऊन काढू? त्या दोन कडव्यायले तीन महिने लागले मले!"

"तीन महिने लागले ते दिसतात. चौथ्याला किती लागले?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "ते एका दमात झालं. ड्युटीवर निघालो होतो. डबा घरीच इसरलो. ते मांगून धावत आली होती स्टँडावर. गाडी सुटली होती." थोड्या वेळानं म्हणाले, "मी स्टँडाचं स्टेशन केलं."

त्यानंतर आम्ही रात्री साडेनऊपर्यंत भांडलो. धुरावर ते माघार घेईनात आणि राष्ट्राच्या चाकांवर मी. सुनेनं चहा आणून ठेवला, तो दोनदा गार झाला. शेजारचा मुलगा भिंतीवरून डोकावून पाहून गेला, की म्हाताऱ्यांची मारामारी होते आहे काय. रागाचे दोन्ही अर्थ, संस्कृत आणि मराठी, त्या ओसरीवर एकत्र नांदत होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "विकासाचं कडवं काढतो. चाकाचं न्हाई काढत." मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं. कविराज आंघोळ करून, गंध लावून उभे. काखेत एक फाइल. म्हणाले, "दोन वर्षाचं साचलं हाये. तुमी काल जसं सांगितलं तसं एकेक कडवं धरून सांगा. मले घाई न्हाई."

मी त्यांना बसायला सांगितलं आणि चहाचं पाहायला आत गेलो. सौभाग्यवती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभ्या होत्या.

"किती आणल्यात?"

"सत्तेचाळीस," मी म्हटलं.

आमच्या घरात मी सोडून इंग्रजी कुणीही बोलत नाही. त्यांनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या,

"नाइस!"